शेवटच्या रोगाआधीचा रोग

हे पुस्तक पेण आणि रोहा तालुक्यांतल्या ब्रॉयलर शेडवाल्यांसाठी लिहिलं आहे, आणि तरी मी सुरुवात डुकरापासून करणार आहे. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की रात्री भातावर उतरणारं रानडुक्कर आठवतं. डुक्करपालन या भागात रुजलेलं नाही. पण डुकरांच्या रोगांनी जगभरच्या पशुवैद्यांना एक गोष्ट शिकवली. ती नीट समजली तर आपल्या शेडमधल्या तीन जुन्या प्रश्नांची उत्तरं मिळतात: चौथ्या आठवड्यात मर अचानक का वाढते, भारी औषध देऊनही ती का थांबत नाही, आणि लस देऊनही मानमोडी का येते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डुक्करपालकांवर एक संकट आलं. दिवस भरत आलेल्या डुकरिणी गाभडू लागल्या, मेलेली पिल्लं जन्मू लागली आणि जगलेली पिल्लं धापा टाकून मरू लागली. मेलेलं पिल्लू प्रयोगशाळेत नेलं की काही ना काही सापडायचंच. कधी फुप्फुसात एक जिवाणू, कधी सांध्यांत दुसरा, कधी मेंदूच्या आवरणात तिसरा. प्रत्येक जिवाणूवर औषध होतं, ते दिलंही जात होतं, आणि मर चालूच होती. नाव सुचेना म्हणून लोक त्याला डुकरांचा गूढ रोग म्हणू लागले. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू वेगळा काढला. आज तो पीआरआरएस या नावाने ओळखला जातो.

हा विषाणू काय करतो ते सावकाश समजून घेण्यासारखं आहे. फुप्फुसांच्या वायुकोशांत भक्षक पेशी असतात. श्वासाबरोबर आत आलेली धूळ आणि जंतू गिळून पचवणं हे त्यांचं काम. हा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, तिथे वाढतो आणि त्यांना मारतो. ज्या उरतात त्यांची जंतू मारायची ताकद कमी झालेली असते. डुकराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये एरवी गुपचूप राहणारे जिवाणू मग खाली फुप्फुसांत उतरतात आणि तिथून रक्तात जातात. भर म्हणजे या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं डुकराच्या शरीरात फार उशिरा, कित्येक आठवड्यांनी तयार होतात. पिल्लू मरतं ते जिवाणूमुळे, आणि प्रयोगशाळेत सापडतो तोही जिवाणूच. विषाणू मात्र आपलं काम आधीच उरकून बसलेला असतो. भक्षक पेशीत शिरायला त्याला पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विशिष्ट प्रथिन लागतं. जनुक-संपादनाने ते बदललेली डुकरं तयार झाली, त्यांना हा रोग होत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा डुकरांना मान्यता दिली. शत्रूचा रस्ता इतका नेमका ठाऊक झाला म्हणूनच हे जमलं.

दुसरा विषाणू सर्कोव्हायरस. त्याची सगळी जनुकीय माहिती जेमतेम १,७६८ अक्षरांत मावते. कॅनडात १९९०च्या दशकात दूध तुटलेली पिल्लं खंगत चालली, पिवळी पडू लागली, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. त्या पिल्लांच्या लसिका ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेली जागा विरळ झालेली दिसे. पुढे कळलं की हाच विषाणू भल्याचंग्या डुकरांतही असतो. त्याला दुसऱ्या संसर्गाची जोड मिळाली की तो उसळतो, आणि उसळला की आणखी संसर्गांना वाट करून देतो. कोण आधी आणि कोण नंतर हे इथे सरळ रेषेत मांडता येत नाही, आणि तसा अट्टहास मीही करणार नाही.

स्वाइन फीव्हर हा तिसरा, आपल्या देशात जुना. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. विचित्र भाग असा, की मरणाऱ्या पेशींपैकी पुष्कळ पेशींना विषाणूने हातही लावलेला नसतो. संसर्ग झालेल्या शेजारच्या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांनीच या निरोगी पेशी आत्मनाशाकडे वळतात. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा नावाने भाऊ वाटला तरी अगदी वेगळ्या कुळातला विषाणू आहे, पण पांढऱ्या पेशी संपवायची त्याची रीत बरीचशी अशीच. तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आला. पीआरआरएस त्याआधीच, २०१३ मध्ये, मिझोराममध्ये पोचला होता. २०१९च्या पशुगणनेत देशात नव्वद लाखांवर डुकरं होती आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा ईशान्येचा. तिथल्या घरांत डुक्कर म्हणजे मुलांची फी आणि आजारपणाचा खर्च. ही झळ आपल्यापासून दूर पडली म्हणून ती आपण हलकी समजू नये.

आता पेणकडे येतो. इथे खारभूमीत शेती करणाऱ्याला बांधाचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. खेकडे बांध आतून पोखरतात, वरून काही दिसत नाही, आणि एखाद्या उधाणाला खांड पडून खारं पाणी भातात घुसतं. लोक म्हणतात, उधाणाने शेत खाल्लं. उधाण तर दर अमावास्या-पौर्णिमेला येतं. मग याच वेळी का घुसलं, हा प्रश्न बांधाकडे नेतो. रोगाच्या बाबतीत हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो, आणि तो विचारायची सवय लावणं एवढ्यासाठीच हे पुस्तक आहे.

आपल्या कोंबड्यांत बांध पोखरणारा मुख्य विषाणू गंबोरोचा. गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं गाव. तिथल्या कोंबड्यांत दिसलेला हा रोग १९६२ मध्ये प्रथम शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला गेला. त्याचं लक्ष्य एकच अवयव, बर्सा. पिल्लाच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, आत, ही लहानशी गोल पिशवी असते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. पण ती कशासाठी असते, हे त्याच्यानंतर साडेतीनशे वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं त्याची हकिगत मला फार आवडते. १९५०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबड्यांची बर्सा काढून टाकून काय बिघडतं ते पाहत होता. काहीच बिघडेना. टिमथी चँग या त्याच्या सोबत्याला वर्गात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिकच्याच घेतल्या. साल्मोनेलाचं इंजेक्शन देऊनही बर्सा नसलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं तयार झाली नाहीत. चँगचा पाठ फसला, आणि ग्लिकला उत्तर मिळालं. त्यांचा निबंध एका मोठ्या विज्ञान नियतकालिकाने नाकारला, म्हणून तो १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापावा लागला, आणि वैद्यकाच्या जगाने तो बरीच वर्षं वाचलाच नाही. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीवरच काम करून दाखवलं, की प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या फळ्या असतात. प्रतिपिंडं बनवणारी एक आणि रोगट पेशींना थेट भिडणारी दुसरी. आज माणसाच्या कर्करोगापासून लशींपर्यंत सगळं वैद्यक या विभागणीवर उभं आहे. तिचा पहिला धागा कोंबडीच्या शेपटीखाली सापडला, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं.

प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी बर्सात तयार होतात, शिकतात आणि तिथून शरीरभर पसरतात. हे काम पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत चालतं. पक्षी वयात आला की बर्सा आकसून जाते, कारण तिचं काम झालेलं असतं. गंबोरोचा विषाणू या शिकाऊ पेशींतच वाढतो आणि त्यांना मारतो. म्हणून वय महत्त्वाचं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रोग उघड दिसतो. पिसं फुलतात, पांढरी पातळ विष्ठा होते, पिल्लं थरथरतात, स्वतःच्याच गुदद्वाराला चोच मारतात, मर दोन-तीन दिवस चढते आणि आठवड्याभरात उतरते. तीन आठवड्यांच्या आत संसर्ग झाला तर बहुधा यांतलं काही दिसत नाही. पिल्लू खातं, पितं, फिरतं. आतून मात्र त्याची शाळा बंद पडलेली असते आणि ती पुन्हा उघडत नाही. मला भीती वाटते ती या दुसऱ्या प्रकाराची. पहिल्यात शेडवाला डॉक्टरकडे धावतो, दुसऱ्यात त्याला खबरच नसते.

शवविच्छेदनात बर्सा पाहायची सवय आपल्याकडे कमी आहे. पोट उघडलं की नजर आधी यकृतावर जाते. तिथे पांढरा साका बसलेला दिसतो, हृदयावरही तसाच थर असतो, वायुपिशव्या गढूळ असतात, आणि निदान होतं: ई-कोलाय. निदान खोटं नाही. पण आतडी बाजूला सारून शेपटीच्या दिशेने एक बोट पुढे गेलं पाहिजे. निरोगी चार आठवड्यांच्या पिल्लाची बर्सा फिक्या दुधी रंगाची, घट्ट, गोलसर असते आणि कापली तर आत नीट घड्या दिसतात. गंबोरो लागून तिसरा दिवस असेल तर तीच बर्सा दुप्पट फुगलेली, वरून पिवळसर चिकट जेलीने वेढलेली मिळते. कधी आत रक्ताचे ठिपके असतात, कधी ती सबंध जांभळी. मांडीच्या आणि छातीच्या मांसात रक्ताचे पट्टे उमटलेले असतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास ती पुन्हा नेहमीएवढी दिसते, आणि घाईने पाहणारा इथेच फसतो. आठव्या दिवसापर्यंत ती मूळ आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेली असते, करडी, मऊ, घड्या हरवलेली. यकृतावरचा साका आणि हा सुकलेला अवयव एकाच पक्ष्यात दिसले, तर त्या बॅचची गोष्ट वाचता येते: आधी बर्सा गेली, मग ई-कोलाय आला.

ई-कोलायच्या जागी दुसरं कोणीही येऊ शकतं. रक्ती हगवण येते, कातडी सडते. हृदयाभोवती पाणी साठून ते सोललेल्या लीचीसारखं दिसणारा आजारही येतो. कराचीजवळच्या अंगारा गोठमध्ये तो १९८७ मध्ये दिसला, काही वर्षांत भारतात आला, आणि आपल्याकडचे शेडवाले त्याला सरळ लीचीच म्हणतात. त्यामागे अडेनोव्हायरस असतो, पण गंबोरोने किंवा चिकन अनीमियाच्या विषाणूने आधी प्रतिकारशक्ती खाल्लेली असेल तर त्याचं बळ वाढतं. पावसाळ्यात यांत विषाणू नसलेला एक साथीदार मिसळतो: ओल लागलेल्या मक्यातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. तेही बर्सा आणि यकृत दोन्हींना इजा करतं. जुलैत पेण-रोह्याची हवा कशी असते ते सांगायला नको. पोतं भिंतीला टेकवून ठेवलं तरी तळाला ओल धरते.

लस फेल गेली, ही तक्रार मी या भागात जितकी ऐकली तितकी दुसरी कुठली ऐकली नसेल. पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यांत घातलेली असते, पुढे बूस्टरही पाण्यातून दिलेला असतो, आणि तरी मानमोडी येते. लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. तो गिरवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतील तर उत्तम कंपनीची, थंड साखळीत नीट आलेली लसही काही करू शकत नाही. मानमोडीच्या लशीचं अपयश पुष्कळदा गंबोरोच्या खात्यावर मांडायला हवं.

मग गंबोरोची लस वेळेवर द्या, असं म्हणणं सोपं आहे. आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे जपतात, आणि तीच लशीच्या विषाणूलाही मारतात. लवकर दिली तर लस वाया, उशीर केला तर मध्ये खिडकी उघडी. साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी देतात तो या दोन्हींमधला मध्य आहे. पण एका शेडमधली पिल्लं दोन-तीन वेगवेगळ्या मातृकळपांतून आली असतील तर कुठलाच एक दिवस सगळ्यांना लागू पडत नाही. हल्ली काही हॅचरींत पहिल्याच दिवशी टोचायच्या नव्या प्रकारच्या लशी वापरतात, त्यांना आईच्या प्रतिपिंडांची आडकाठी कमी होते. पाण्यातून देताना आपण काय चुकतो, याला पुस्तकात सबंध प्रकरण दिलं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लस मारतं, त्यासाठी आधी स्किम मिल्क पावडर घालायची असते. पिल्लं तासभर तहानलेली असावी लागतात, आणि लशीचं पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. पावसाळ्यात गारव्याने पिल्लं पाणीच कमी पितात, तेव्हा हिशेब बदलतो.

गंबोरोचा विषाणू चिवट आहे. त्याला स्निग्ध आवरण नसल्याने साध्या साबणाला आणि पुष्कळ जंतुनाशकांना तो जुमानत नाही. एका जुन्या प्रयोगात पक्षी काढून टाकलेल्या शेडमध्ये तो १२२ दिवसांनंतरही रोग लावू शकत होता. दोन बॅचमध्ये पंधरा दिवस शेड रिकामी ठेवली म्हणजे झालं, या समजुतीला त्यामुळे काही आधार नाही. भातगिरणीतून आणलेला नवा तूस जुन्यावर पसरला, तर जुन्यातला विषाणू आणि त्यातले काळे भुंगेरे, जे त्याला वाहून नेतात, दोन्ही पुढच्या पिल्लांच्या पायाखाली तसेच राहतात. जुनं लिटर पूर्ण उचलणं, घासून धुणं, वाळवणं आणि मग ग्लुटाराल्डिहाइड किंवा फॉर्मॅलिनसारखं लागू पडणारं औषध मारणं, हा क्रम चुकवता येत नाही.

आधी एकाने बांध पोखरायचा आणि मग दुसऱ्याने आत घुसायचं, हे तत्त्व रोह्याच्या डोंगरवाड्यांतल्या शेळ्यांनाही लागू आहे. पीपीआरचा विषाणू पांढऱ्या पेशींवरच्या एका खुणेला चिकटून शिरतो, आणि शेळी शेवटी न्यूमोनियाने किंवा पोटातल्या जुन्या परजीवींनी मरते. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम सापडला. त्यावर भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बनवलेली लस चांगली आहे आणि एका मात्रेत काही वर्षं टिकते. हा विषाणू माणसाच्या गोवराच्या कुळातला. गोवर चालू असताना क्षयाची कातडीवरची चाचणी काम करेनाशी होते, हे व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरने १९०८ मध्येच नोंदवलं होतं. एका विषाणूने दुसऱ्या रोगाविरुद्धची ताकद घालवल्याची ती पहिली स्पष्ट नोंद, आणि तिला आता शतक उलटून गेलं आहे.

इतकी जुनी गोष्ट शेडपर्यंत का पोचली नाही, याचं उत्तर मला धंद्याच्या रचनेत दिसतं. इथले बहुतेक जण करारावर पक्षी वाढवतात. पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचं, शेड, वीज, पाणी आणि घाम शेतकऱ्याचा. पिल्लांच्या आयांना कोणत्या लशी दिल्या होत्या हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही आणि तो विचारत नाही. पिल्लांच्या खोक्याबरोबर त्या माहितीचा एक कागद आला पाहिजे, अशी माझी ठाम मागणी आहे. त्याला खर्च काहीच नाही. मर वाढली की त्याच दिवशी काहीतरी केलेलं दिसावं लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे पाण्यात अँटिबायोटिक. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. आलेला जिवाणू थोडा दबतो, पण पिल्लाची स्वतःची फळी मोडलेली असल्याने औषध संपताच पुन्हा उसळतो, आणि दर फेरीला अधिक निर्ढावतो. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखायचं कोलिस्टिन आपण वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या पाण्यात ओतलं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्य-प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं.

एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. बर्ड फ्लूला आधी कोणी बांध पोखरून द्यावा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला तो सापडला, तेव्हा आपल्याकडेही झोप उडाली होती. एका-दोन दिवसांत पक्षी ढिगाने मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर पक्षी उघडू नका, विकू नका, हलवू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. या पुस्तकातलं शवविच्छेदनाचं एकही पान अशा वेळी वापरायचं नाही.

एरवी ते जरूर वापरा. शेवटच्या पानांवरचा तक्ता फाडून शेडच्या दाराशी लावण्यासाठी आहे. रोजची मर, रोजचं खाद्य, रोजचं पाणी, आणि चौथा रकाना बर्साचा. तिसऱ्या आठवड्यापासून मेलेल्या पक्ष्यांपैकी दोन-तीन ताजे उघडून तिचा आकार आणि रंग तिथे लिहायचा. बर्सा फुगलेली किंवा सुकलेली दिसली, तर औषध सुरू करण्याआधी तिचा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये घाला, दुसरा बर्फावर ठेवा, आणि बाटलीवर पिल्लांचं वय, लशींच्या तारखा आणि मर वाढल्याचा दिवस लिहून तालुक्याच्या दवाखान्यात द्या.